काच दिसू लागली तेव्हा

कॅमेऱ्यातील काचेचे काम स्वतः न दिसण्याचे आहे. भिंगातून जाणारा जवळजवळ प्रत्येक किरण वाकतो आणि तो वाकतो म्हणूनच समोरच्या देखाव्याची प्रतिमा आत उमटते. पण पाहणाऱ्याला या वाकण्याची चाहूलही लागू नये, देखावा जणू काचेवाचूनच कागदावर उतरला आहे असे त्याला वाटावे, यासाठी युरोपातील भिंगकार पिढ्यान्‌पिढ्या झटत राहिले. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापासून सातव्या दशकापर्यंत लंडन, पॅरिस, बर्लिन, प्राग, शिकागो आणि कॅलिफोर्निया अशा एकमेकांपासून दूर असलेल्या ठिकाणी मोजक्या छायाचित्रकारांनी हा क्रम उलटा केला. काचेतून जाताना मोडलेला, दुमडलेला, विखुरलेला प्रकाश हाच त्यांनी चित्राचा विषय केला. अमूर्त छायाचित्रणाच्या इतिहासातील हे प्रकरण संख्येने लहान असले, तरी छायाचित्र म्हणजे कशाचे तरी चित्र असलेच पाहिजे काय, हा प्रश्न याच प्रकरणात प्रथम उघडपणे विचारला गेला.

प्रकाशकिरण एका पारदर्शक माध्यमातून दुसऱ्यात तिरपा शिरताना आपली दिशा बदलतो, यालाच अपवर्तन म्हणतात. प्रत्येक रंगाचा प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात वाकत असल्यामुळे पांढरा प्रकाश लोलकातून बाहेर पडताना रंगांत फाकतो, आणि या फाकण्याला अपस्करण असे नाव आहे. (‘लोलक’ हा शब्द भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत येण्यापूर्वी वाड्यातील हंड्या-झुंबरांना लोंबणाऱ्या पैलूदार काचेसाठी वापरात होता, आणि भिंतीवर नाचणारे त्याचे रंगीत कवडसे पाहायला कोणाला शास्त्र शिकावे लागले नाही.) आयझॅक न्यूटनने १६६६ साली लोलक मिळवून अंधाऱ्या खोलीत प्रयोग केले. खिडकीच्या झडपेला पाडलेल्या लहान भोकातून आलेली सूर्यकिरणांची शलाका लोलकातून गेली, तेव्हा बावीस फुटांवरील भिंतीवर गोल ठिपका न पडता रुंदीच्या सुमारे पाचपट लांबीचा रंगीत पट्टा पडला. यातून न्यूटनने प्रकाशाचे स्वरूप उलगडले खरे, पण त्याच वेळी एक चुकीचा निष्कर्षही काढला. काच जिथे प्रकाश वाकवणार तिथे ती रंग फाकवणारच, तेव्हा भिंगातील हा रंगदोष कधीच जाणार नाही, असे मानून त्याने दुर्बिणीसाठी भिंगाऐवजी आरशाचा मार्ग धरला.

अठराव्या शतकात इंग्लंडमधील कारागिरांनी हा निष्कर्ष खोटा ठरवला. साध्या क्राउन काचेचे एक भिंग आणि शिसे घातलेल्या जड फ्लिंट काचेचे दुसरे भिंग जवळ बसवले, तर एकाने फाकवलेले रंग दुसरे पुष्कळसे पुन्हा एकत्र आणते, हे चेस्टर मूर हॉल याला आधी उमगले आणि जॉन डॉलंड याने १७५८ साली त्याचे पेटंट घेतले. १८३९ मध्ये छायाचित्रणाचा शोध जाहीर झाला आणि भिंगकारांवरील ओझे एकदम वाढले, कारण छायाचित्रासाठी भिंग कडेपर्यंत रेखीव असावे लागते आणि भरपूर प्रकाशही आत घ्यावा लागतो. व्हिएन्नाचा गणिती योझेफ पेट्झव्हाल याने १८४० साली आकडेमोड करून व्यक्तिचित्रांसाठी वेगवान भिंग रचले; पुढे येना येथे अर्न्स्ट आबे, कार्ल झाइस आणि ओटो शॉट यांच्या सहकार्याने १८८४ मध्ये काचेचा कारखाना उभा राहिला व अगोदर अस्तित्वातच नसलेल्या जातींच्या काचा तिथे ओतल्या जाऊ लागल्या. १९०२ साली झाइससाठी पाउल रुडोल्फ याने चार भिंगांचे टेसार सिद्ध केले, तेव्हा काच अदृश्य करण्याचे काम जवळपास संपले होते.

आणि नेमक्या त्याच सुमारास काही छायाचित्रकारांना या निर्दोष काचेचा कंटाळा आला. छायाचित्र ही यंत्राने काढलेली नक्कल आहे, तिला कला म्हणता येत नाही, हा आक्षेप खोडून काढण्यासाठी १८९२ मध्ये लंडनला ‘लिंक्ड रिंग’ आणि १९०२ मध्ये न्यूयॉर्कला आल्फ्रेड स्टिगलिट्झच्या पुढाकाराने ‘फोटो-सेशेशन’ या मंडळांची स्थापना झाली होती. या चित्रधर्मी पंथाच्या छायाचित्रांत धुके, संधिप्रकाश, ओलसर रस्ते आणि विरघळणाऱ्या कडा असत. त्यासाठी बॉस्टनच्या पिंकहॅम आणि स्मिथ या कंपनीने ‘सेमी-अ‍ॅक्रोमॅटिक’ म्हणजे रंगदोष अर्धवटच काढलेले भिंग तयार केले. डॉलंडपासून रुडोल्फपर्यंतच्या मंडळींनी जो दोष घालवण्यासाठी हाडाची काडे केली, तोच दोष आता किंमत मोजून विकत घेतला जाऊ लागला. काचेच्या खोडीतून सौंदर्य निघते याची ही पहिली व्यापारी कबुली म्हटली पाहिजे. फक्त ती खोडी अजून झाडे, पूल आणि चेहरे यांच्या सेवेला जुंपलेली होती.

हे भिंग आवडीने वापरणाऱ्यांत बॉस्टनमध्ये १८८२ साली जन्मलेला आल्विन लँगडन कोबर्न होता. विशी ओलांडण्यापूर्वीच त्याला नाव मिळाले. हेन्री जेम्सच्या कादंबऱ्यांच्या न्यूयॉर्क आवृत्तीला मुखचित्रे त्याने दिली, बर्नार्ड शॉ त्याचा मित्र झाला, आणि ‘मेन ऑफ मार्क’ या १९१३ च्या संग्रहात त्या काळातील लेखक-कलावंतांची छायाचित्रे त्याने छापली. न्यूयॉर्कमधील एका उंच मनोऱ्यावरून त्याने टिपलेल्या मॅडिसन स्क्वेअरच्या बागेत बर्फातून निघालेल्या वाटा अष्टपादासारख्या पसरलेल्या दिसतात, आणि त्या छायाचित्राचे नावही ‘ऑक्टोपस’ असेच आहे. बाग बागच राहते, तरी पाहणाऱ्याचा डोळा आधी आकृती घेतो आणि मग बाग. कोबर्न अमूर्ताच्या उंबरठ्यापर्यंत असा आपल्या पायांनीच आला होता, आणि न्यूयॉर्कमधील चित्रकार मॅक्स वेबर याच्या स्नेहामुळे पॅरिसच्या नव्या चित्रकलेची त्याला ओळखही झाली होती. १९१२ मध्ये तो कायमचा इंग्लंडला गेला.

त्या वेळी लंडनमध्ये विंडहॅम लुइस, कवी एझरा पाउंड आणि शिल्पकार आन्री गोदिये-ब्रझेस्का यांच्याभोवती ‘व्होर्टिसिझम’ हा पंथ आकार घेत होता. व्होर्टेक्स म्हणजे भोवरा. नव्या यंत्रयुगाची सारी शक्ती ज्या स्थिर केंद्रात खेचली जाते ते केंद्र म्हणजे कला, अशी या मंडळींची भूमिका होती. त्यांच्या ‘ब्लास्ट’ या नियतकालिकाचा पहिला अंक १९१४ च्या उन्हाळ्यात निघाला आणि काही आठवड्यांतच महायुद्ध पेटले. दुसरा अंक १९१५ मध्ये निघेपर्यंत गोदिये-ब्रझेस्का फ्रान्समध्ये आघाडीवर मारला गेला होता, आणि पुढे लुइसही सैन्यात गेला. मागे उरलेल्या पाउंडला पंथ जिवंत ठेवण्यासाठी नवी माणसे हवी होती, तर कोबर्नला आपल्या माध्यमासाठी नवी दिशा. १९१६ च्या ‘फोटोग्राम्स ऑफ द इयर’ या वार्षिकात चित्रधर्मी छायाचित्रणाच्या भवितव्यावर लेख लिहून कोबर्नने विचारले, की सगळ्या कला पुढे चालल्या असताना छायाचित्रणानेच जुन्या खुंट्याला का बांधून घ्यावे; केवळ अमूर्त छायाचित्रांचे प्रदर्शन भरवावे आणि विषयाचे कौतुक आकृतीच्या कौतुकाहून अधिक होईल असे काहीही त्यात घेऊ नये, अशी सूचनाही त्याने केली. छायाचित्रणाच्या क्षेत्रातून अमूर्ताची इतकी स्पष्ट मागणी त्यापूर्वी क्वचितच झाली असेल.

मागणी करून थांबणारा तो नव्हता. १९१६ च्या अखेरीस पाउंडच्या मदतीने त्याने एक साधन सिद्ध केले आणि त्याला ‘व्होर्टोस्कोप’ असे नाव मिळाले. कोबर्नच्या मृत्यूच्या वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्याच्या आत्मचरित्रात या साधनाचे वर्णन आहे: तीन आरसे त्रिकोणात एकमेकांना बांधलेले, साधारण कॅलिडोस्कोपसारखे, आणि ते कॅमेऱ्याच्या भिंगापुढे धरायचे. कॅलिडोस्कोपचे पेटंट डेव्हिड ब्रूस्टर याने १८१७ मध्ये, म्हणजे सुमारे शंभर वर्षांपूर्वी घेतले होते, आणि तेव्हापासून ते मुलांचे खेळणे होऊन बसले होते. महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांनी तीन काचपट्ट्या आणि फुटक्या बांगड्यांचे तुकडे घेऊन केलेला कॅलिडोस्कोप ज्याने पाहिला असेल, त्याला कोबर्नची युक्ती वेगळी समजावून सांगायला नको. मात्र एक फरक होता. खेळण्यात आकृती सममित, फुलासारखी येते. कोबर्नने आरसे भिंगापुढे अशा रीतीने धरले की प्रतिमेचे तुकडे एकमेकांत घुसावेत, पण त्यांची रांगोळी होऊ नये. काचेच्या पृष्ठभागाच्या टेबलावर त्याने लाकडाचे तुकडे आणि स्फटिक मांडले, आणि त्यांतून जी छायाचित्रे निघाली त्यांत लाकूड आणि स्फटिक ओळखू येत नाहीत. दिसतात ती पात्यांसारखी पांढरी टोके, एकमेकांना छेदणाऱ्या करड्या पट्ट्या आणि त्यांच्यामधला काळोख. भौतिकशास्त्राच्या काटेकोर भाषेत आरशांचे काम परावर्तनाचे आहे, अपवर्तनाचे नाही. पण टेबलावरचे स्फटिक प्रकाश वाकवत होते, आणि आपले आरसे भिंगाची प्रतिमा लोलकाप्रमाणे फोडतात अशी खुद्द कोबर्नची समजूत होती.

१९१७ च्या फेब्रुवारीत लंडनच्या कॅमेरा क्लबमध्ये अठरा ‘व्होर्टोग्राफ’ आणि त्यांच्यासोबत कोबर्नची तेरा रंगचित्रे मांडली गेली. केवळ अमूर्त म्हणून काढलेली आणि तशीच जाहीरपणे दाखवलेली ही अगदी आरंभीची छायाचित्रे होत. पत्रिकेची प्रस्तावना पाउंडने नाव न घालता लिहिली, आणि तिच्यातच या प्रयोगाच्या अल्पायुष्याचे बी होते. व्होर्टोग्राफी ही केवळ डोळ्याची कला आहे, डोळा आणि हात यांची मिळून नाही, म्हणून इतर व्होर्टिसिस्ट कलांच्या पंक्तीत तिचे पान खालचे, असा निवाडा त्याने दिला. खासगी पत्रात तर, छायाचित्रकाराला लटके पिकासो काढू देणारी जोडणी, अशा थट्टेच्या सुरात त्याने तिचा उल्लेख केला. ज्याने यंत्राच्या शक्तीचा गौरव करणारा पंथ चालवला त्यालाच यंत्राने काढलेले चित्र कमी वाटावे, यातली विसंगती पाउंडला जाणवलेली दिसत नाही. प्रेक्षक बुचकळ्यात पडले, छायाचित्रकार वैतागले, आणि कोबर्ननेही हा मार्ग लवकरच सोडला. तो अध्यात्माकडे आणि फ्रीमेसन मंडळाकडे वळला, वेल्समध्ये जाऊन राहिला आणि १९३० च्या सुमारास त्याने आपल्या हजारो निगेटिव्ह नष्ट केल्या. १९६६ मध्ये तो वारला, तेव्हा जगाने त्याच्या आरशांची पुन्हा आठवण काढायला नुकती सुरुवात केली होती.

व्होर्टोस्कोपला वारस न मिळण्याचे आणखी एक कारण म्हणजे वारा उलटा फिरला होता. १९१७ च्याच जून महिन्यात स्टिगलिट्झने आपल्या ‘कॅमेरा वर्क’ या नियतकालिकाचा अखेरचा अंक पॉल स्ट्रँडच्या रेखीव, थेट छायाचित्रांना वाहिला. पुढे १९३२ मध्ये कॅलिफोर्नियातील एडवर्ड वेस्टन आणि अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स प्रभृतींनी भिंगाच्या अगदी बारीक छिद्राचे नाव घेऊन ‘एफ/६४’ हा गट काढला, म्हणजे काच पुन्हा अदृश्य करण्याची प्रतिज्ञाच केली. अमेरिकेत हीच मुख्य धारा ठरली.

युरोपात मात्र काच वेगळ्या दाराने, कॅमेऱ्याला बाजूला सारून, आत आली. १९२१ मध्ये पॅरिसला आलेला अमेरिकन चित्रकार मॅन रे पोटासाठी फॅशनची छायाचित्रे छापत असे. अंधारखोलीत ट्रेमधल्या ओल्या कागदावर त्याने सहज काचेचे नरसाळे, मोजपात्र आणि तापमापक ठेवले व दिवा लावला, तेव्हा वस्तूंच्या नुसत्या सावल्या न उमटता काचेने वाकवलेल्या, विरूप झालेल्या आकृती त्याच्या डोळ्यांदेखत उमटू लागल्या, असे त्याने १९६३ च्या आत्मचरित्रात लिहिले आहे. आठवणी रंगवून सांगण्याची मॅन रेला खोड होती, हे ध्यानात ठेवले तरी या कथनातला प्रकाशशास्त्राचा भाग खरा आहे. किल्ली किंवा फणी प्रकाशसंवेदी कागदावर ठेवली तर तिची पांढरी सावली तेवढी मिळते, कारण ती प्रकाश अडवते. काच प्रकाश अडवत नाही, तर त्याची वाटणी बदलते. पाण्याने भरलेल्या पेल्यातून ऊन टेबलावर पडते तेव्हा जशी झगमगती वक्र रेषा तयार होते, तसे किरण जिथे दाटतात तिथे कागद काळा होतो आणि जिथून हटतात तिथे पांढरा राहतो. डिसेंबर १९२२ मध्ये अशा बारा ‘रेयोग्राफ’चा संग्रह त्रिस्तान त्झारा याच्या प्रस्तावनेसह निघाला.

त्याच वर्षी बर्लिनमध्ये हंगेरियन कलावंत लास्लो मोहोली-नॉज आणि त्याची पत्नी लुचिया मोहोली यांनी हीच रीत हाती घेतली आणि तिला ‘फोटोग्राम’ असे नाव दिले. मॅन रेला अपघातातील विनोद आवडत असे, तर या दांपत्याला कार्यक्रम हवा होता. जुलै १९२२ मध्ये ‘दे स्टेल’ या नियतकालिकात आलेल्या निबंधात असा युक्तिवाद होता, की ग्रामोफोन, छायाचित्र आणि चित्रपट ही साधने आजवर असलेल्या गोष्टींची केवळ पुनरावृत्ती करण्यासाठी वापरली गेली, आता नसलेले निर्माण करण्यासाठी ती वापरली पाहिजेत. निबंधावर नाव एकट्या मोहोली-नॉजचे होते. पण अंधारखोलीचे तंत्र लुचियाच्या हातात होते आणि विचार दोघांनी मिळून केला होता, हे तिने पुढे स्वतः लिहून ठेवले. १९२३ ते १९२८ या काळात मोहोली-नॉज बाउहाउस या कलाशाळेत शिकवत होता, आणि १९२५ च्या ‘चित्रकला, छायाचित्रण, चित्रपट’ या पुस्तकात त्याने सांगितले की प्रकाश हेच नव्या कलावंताचे रंगद्रव्य आहे. या विचाराचे टोक म्हणजे त्याने सुमारे आठ वर्षे खपून घडवलेले आणि १९३० मध्ये पॅरिसला मांडलेले फिरते यंत्र होय. छिद्रे पाडलेल्या धातूच्या तबकड्या, जाळ्या आणि काचेचा एक पीळ विजेच्या मोटरवर फिरत आणि खोलीभर प्रकाशछायांचा खेळ चाले. तो खेळ त्याने चित्रपटात टिपला. काच इथे स्थिर राहिली नाही, तिला वेळ मिळाला. फोटोग्रामला जे कधीच साधणार नव्हते ते हेच होते.

प्रागमध्ये गोष्ट अधिक शांतपणे घडली, आणि गुणवत्तेच्या दृष्टीने पाहता तिथले काम बर्लिनपेक्षा कमी गाजले हे अन्यायाचे वाटते. बोहेमिया हा शतकानुशतके काचेचा मुलूख. १८९६ साली जन्मलेल्या यारोमीर फुंके याने विसाच्या दशकात काचेच्या पट्ट्या, बाटल्या आणि पुठ्ठे मांडून त्यांच्या आरपार प्रकाश सोडला, पण फोटोग्रामच्या मोहात न पडता कॅमेरा टिकवून ठेवला. पुढे पुढे त्याच्या चित्रांतून वस्तूच चौकटीबाहेर गेल्या आणि फक्त त्यांच्या सावल्या व वाकलेले उजेड मागे राहिले. त्याचा समवयस्क मित्र योझेफ सुडेक पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावून आला होता. चरितार्थासाठी त्याने काचसामानाच्या जाहिरातींची छायाचित्रे काढली, आणि नाझी अंमलाच्या काळात तो आपल्या कार्यशाळेच्या बाष्पाने डवरलेल्या खिडकीकडे वळला. फुंके १९४५ मध्ये, युद्ध संपायला काही आठवडे असताना वारला. सुडेकने मात्र पुढे, सत्तरीच्या सुमारास ‘काचेचे चक्रव्यूह’ ही मालिका केली. तिच्यात काचेमागे काच, तिच्यामागे आणखी काच येत जाते आणि मूळ वस्तू कोणती हा प्रश्नच निरर्थक होतो.

जर्मनीत १९३३ मध्ये नाझी सत्तेच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडले, आणि त्याची माणसे जगभर पांगली. अ‍ॅमस्टरडॅम आणि लंडन असा मुक्काम करत मोहोली-नॉज १९३७ मध्ये शिकागोला ‘न्यू बाउहाउस’ चालवायला गेला. ही शाळा वर्षभरातच पैशांअभावी बंद झाली, पण १९३९ मध्ये तिच्याच राखेतून त्याने ‘स्कूल ऑफ डिझाइन’ उभे केले. प्रकाशाच्या वर्गाची सूत्रे त्याचा देशबांधव ग्यॉर्गी केपेश याच्याकडे होती, आणि लोलक, आरसे, भिंगे, रंगीत काचा हे तिथे सुताराच्या करवतीइतकेच रोजचे सामान होते. आजही जगातील अनेक कलाशाळांत छायाचित्रणाचा विद्यार्थी पहिला धडा म्हणून फोटोग्राम करतो. त्याचे मूळ या वर्गांत आहे. १९४२ मध्ये टेक्ससमधील डेंटन येथील महिला महाविद्यालयात मोहोली-नॉजने प्रकाशाची कार्यशाळा घेतली, आणि तिथली अध्यापिका कार्लोटा कॉर्प्रॉन हिने तो धागा पकडून युद्धोत्तर वर्षांत लहरीदार प्लॅस्टिकवरून ओघळणाऱ्या प्रकाशाची मालिका केली. न्यूयॉर्कमध्ये, जर्मनीतून निघून आलेली लोटे याकोबी काच आणि सेलोफेन यांच्या आडून विजेरी फिरवत कागदावर तलम पडद्यांसारखे आकार उमटवत होती. मोहोली-नॉज स्वतः १९४६ मध्ये रक्ताच्या कर्करोगाने गेला.

न्यू बाउहाउसच्या त्या एकुलत्या वर्षी तिथे छायाचित्रण शिकवणाऱ्या हेन्री होम्स स्मिथ याने अपवर्तनाला सर्वांत साधे आणि सर्वांत धाडसी रूप दिले. सैन्यातून परतल्यावर, १९४६ पासून त्याने काचेच्या तावदानावर मक्याचा पाक आणि पाणी ओतायला सुरुवात केली. घट्ट पाक आणि पातळ पाणी प्रकाशाला वेगवेगळ्या प्रमाणात वाकवतात. त्यांच्या सीमेवर, थेंबांच्या फुगवट्यावर आणि ओघळांच्या कडेवर असंख्य लहान भिंगे क्षणभर तयार होतात. तिरप्या प्रकाशाने त्यांचा ठसा प्रकाशसंवेदी कागदावर घेतला, की कुठल्याही वस्तूची सावली नसलेले, तरीही हाडामांसाच्या देहासारखे भासणारे आकार मिळत. रंगासाठी त्याने ‘डाय ट्रान्सफर’ ही खर्चिक रीत वापरली. तिच्यात एकेक रंग स्वतंत्र साच्यावरून कागदावर चढवतात, त्यामुळे एकाच काळ्यापांढऱ्या ठशातून त्याला अनेक रंगरूपे काढता आली. ‘राक्षस’, ‘आई आणि मुलगा’, ‘भावांची लढाई’ अशी नावे त्याने या चित्रांना दिली. अमूर्ताचे कडवे पुरस्कर्ते इथे नाक मुरडतील, कारण पाकाच्या ओघळाला पुराणकथेचे नाव देणे म्हणजे विषय मागच्या दाराने पुन्हा आत घेणेच आहे. पण डोळा आकृतीत माणूस शोधल्यावाचून राहत नाही, ही गोष्ट स्मिथने चोरून न ठेवता चित्राच्या नावातच मान्य केली, आणि त्याच्या चित्रांना कोबर्नच्या पात्यांपेक्षा अधिक ऊब आहे ती यामुळेच. १९४७ पासून तीस वर्षे त्याने इंडियाना विद्यापीठात शिकवले, आणि जेरी उल्समनसारखे शिष्य त्याच्या हाताखालून गेले.

या साऱ्या मंडळींची साधने पाहिली तर एक गोष्ट नजरेत भरते. येनाच्या कारखान्याने अचूकतेची जी परमावधी गाठली होती तिच्या पुढ्यात आरशांचे तुकडे, नरसाळे, बाटल्या, सेलोफेन आणि पाक असा हा स्वयंपाकघरातला संसार होता. प्रकाश नियमबाह्य वागावा असे ज्याला वाटते त्याला महागडे भिंग उपयोगाचे नसते. स्वस्त साधनांमुळे कोणालाही सुरुवात करता आली, पण त्याच स्वस्ताईमुळे परंपरा साचली नाही; शिकागोचा अपवाद सोडला तर जवळजवळ प्रत्येकाने नव्यानेच काच शोधून काढली, आणि कोबर्नचे नाव बहुतेकांच्या लेखी पुसट झालेले होते. दुसरी अडचण कागदाची होती. काचेतून निथळणारा प्रकाश झळाळता असतो. कागदावर तो छापला की परावर्तित, मलूल प्रकाश होतो. साठच्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या संगीतसभांतून प्रोजेक्टरवरच्या काचेच्या बशीत रंगीत तेल आणि पाणी हलवून भिंतभर प्रकाशचित्रे खेळवली जाऊ लागली, तेव्हा कागद मध्ये नव्हताच, आणि म्हणूनच त्यांना हजारोंचा प्रेक्षक मिळाला. पण ती चित्रे मैफल संपताच विझत.

कॅलिफोर्नियातच मॉन्टेरे येथे विन बुलक हा छायाचित्रकार याच कोंडीशी झगडत होता. १९०२ मध्ये जन्मलेला बुलक तारुण्यात मैफलींतून गाणारा गायक होता, आणि विसाच्या दशकात पॅरिसला असताना मॅन रे व मोहोली-नॉज यांची चित्रे पाहून तो कॅमेऱ्याकडे ओढला गेला. १९४८ मध्ये एडवर्ड वेस्टनची भेट झाल्यावर मात्र त्याने आरंभीचे प्रयोग बाजूला ठेवले व रेखीव छायाचित्रणाची दीक्षा घेतली. १९५५ च्या ‘फॅमिली ऑफ मॅन’ या जगप्रसिद्ध प्रदर्शनात त्याची दोन छायाचित्रे होती. वेस्टनच्या पंथातला हाच माणूस साठच्या दशकाच्या आरंभी काचेकडे परतला. काचेच्या तावदानांचे थर रचून, त्यांवर काचेचे रंगीत तुकडे मांडून, त्यांच्या आरपार येणारा प्रकाश अगदी जवळून तो कोडाक्रोम या रंगीत पारदर्शिकेवर टिपू लागला. भिंगाने ज्या ठिकाणी स्पष्ट केले तिथेच स्पष्टता, बाकी सर्वत्र वितळलेले रंग, खोल निळ्यातून उठणारी तांबडी धार, काठाशी उमटलेला लोलकाचा पट्टा, असे या चित्रांचे रूप आहे. प्रकाश हे विश्वातले मूलभूत सत्य आहे अशी बुलकची श्रद्धा होती, आणि तिचे चित्र काढायला दुसरा कोणताही विषय त्याला अपुरा वाटत होता.

पारदर्शिकेवर जे रंग दिसत ते कागदावर उतरवण्याचे तंत्र मात्र त्याच्या मनाजोगे नव्हते. काही वर्षांत त्याने हे काम थांबवले आणि तो पुन्हा काळ्यापांढऱ्या छायाचित्रांकडे वळला. रंगीत पारदर्शिका त्याने प्रोजेक्टरवर दाखवल्या, पण १९७५ मध्ये तो वारला तेव्हा त्यांचे पुस्तक नव्हते. कोडाक्रोमचे रंग अंधारात ठेवले तर अनेक दशके टिकतात. प्रोजेक्टरच्या दिव्यापुढे मात्र ते झपाट्याने विटतात, म्हणजे या प्रकाशचित्रांचे प्रत्येक प्रदर्शन त्यांच्या आयुष्यातून काही वजा करणारे होते. बुलकच्या मुलीने जपलेल्या या पारदर्शिका संगणकाच्या साहाय्याने छापून अखेर २०१० मध्ये पुस्तकरूपाने बाहेर आल्या. त्याच वर्षी, ३० डिसेंबरला, कोडाक्रोम धुऊन देणाऱ्या जगातील अखेरच्या प्रयोगशाळेने, कॅन्सस राज्यातील पार्सन्स या लहानशा गावी, नवी रिळे स्वीकारणे बंद केले.